रस्त्यात तुमच्यासाठी कोण थांबलं होतं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज बसलोच.

मी नोकरीला चिपळूणला, घर कराडला. दर शनिवारी ऑफिस सुटलं की गाडी काढायची आणि कुंभार्ली घाट चढून घरी जायचं, हा चार वर्षांचा नेम आहे, रस्ता इतका पाठ आहे की कुठल्या वळणाला खड्डा पडतो तेही सांगेन. मागच्या जुलैची गोष्ट. सहाला निघालो, पोफळी मागे टाकली आणि घाटात शिरलो तर पाऊस असा की व्हायझर वर केली की डोळ्यात पाणी आणि खाली केली की वाफ. त्यात धुकं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर क्लच दाबला आणि लिव्हर एकदम ढिली पडून हँडलला टेकली. वायर तुटली. चढावर, भर पावसात, अंधार पडायला अर्धा तास, आणि माझ्याकडे स्पेअर वायर नाही.

एका राईडिंग ग्रुपात मी वर्षभर होतो, सहाशेच्या वर माणसं, पण प्रत्यक्षात एकालाही भेटलो नव्हतो, नुसते फोटो बघायचो. एका जागी कशीबशी एक काडी रेंज येत होती तिथून टाकलं की कुंभार्लीत अडकलोय, पोफळीच्या वर, क्लच वायर गेली, एकटा आहे. चार मिनिटांत उत्तर आलं. पहिलं वाक्य होतं "डोंगराच्या कुशीला उभा राहू नको, दरड येते, उघड्या बाजूला कठड्यापाशी थांब." दुसरं, "गाडी कुठली?" तिसरं, "निघालो." पाटणचा माणूस होता तो. पाटणहून तिथपर्यंत कोयनानगर, हेळवाक करत घाट उतरून यायचं, म्हणजे त्या पावसात सव्वा तास.

तो सव्वा तास मी कधी विसरणार नाही. ट्रक जात होते, दोघांनी वेग कमी करून काच खाली घेऊन विचारलंही, पण वायर त्यांच्याकडे कुठून असणार. मग वरच्या वळणावर एक दिवा दिसला, दोनदा डिपर मारला, आणि मला कळलं की हा माझ्यासाठी आलाय.

स्प्लेंडर होती. अंगात साधा प्लास्टिकचा रेनकोट, पायात गमबूट. आधी त्याने काय केलं तर आपली गाडी माझ्याजवळ न लावता खालच्या अंगाला तीस पावलं मागे नेऊन इंडिकेटर चालू ठेवून उभी केली, म्हणजे खालून येणारा ट्रक आधी तिला बघेल. मग टॉर्च दातात धरली आणि जुनी तार ओढून काढली. पाटणच्या एका गॅरेजवाल्याला घरातून उठवून नुसती आतली तार आणि तिचं टोक पकडणारा स्क्रूचा निपल आणला होता. नवी तार जुन्या नळीत जाईना, गंजली होती ती. तर त्याने स्वतःच्या स्प्लेंडरच्या ऑइलची गेजपट्टी काढली, तिच्यावरचं ऑइल थेंब थेंब नळीच्या तोंडात सोडलं, परत बुडवली, परत सोडलं, असं सहा-सात वेळा. मी वरून रेनकोटचा पदर धरून उभा, पाऊस इंजिनात जाऊ नये म्हणून. तार सरकली. खालच्या टोकाला निपल आवळला, उरलेली तार पक्कडीने कापली आणि तो तुकडा खिशात टाकला, रस्त्यावर टाकला नाही, कुणाच्या टायरात जायचा म्हणून.

आणि मग रागावला. "लिव्हर दोन महिने कडक लागत असणार तुला. तार एकदम नाही तुटत, एक एक धागा तुटत जातो. कळत नाही का?" मला रडू आलं होतं खरं सांगतो. वर चढताना तो पूर्ण वेळ माझ्या मागे होता, त्याच्या दिव्याच्या उजेडात मी पुढे. पाटणला घरी नेलं, आईने कोरडा टॉवेल दिला, पिठलं-भाकरी खाऊ घातली. वायरचे पन्नास रुपये घेतले कारण ते गॅरेजवाल्याचे होते, पेट्रोलचा विषय काढला तर नुसतं हाताने थांब म्हणाला.

वर्षभर मी ज्याला दोस्ती समजत होतो ती फोटोखाली अंगठे दाखवायची होती. दोस्ती म्हणजे थांबणं असतं, हे मला त्या कठड्यापाशी कळलं. तुमच्यासाठी कोण थांबलं होतं, किंवा तुम्ही कुणासाठी थांबलात, ते सविस्तर लिहा.

दहाचा_पाना

भावा, पाटणच्या त्या गड्याला माझा नमस्कार सांग. गेजपट्टीने ऑइल सोडायची अक्कल हाताने काम केलेल्यालाच येते.

मी कोल्हापूरला गॅरेज चालवतो, बावीस वर्षं झाली. एक सांगतो सगळ्यांना, नवीन क्लच वायर घ्या आणि जुन्या वायरच्या शेजारूनच पूर्ण बसवून घ्या, दोन्ही टोकं टेपने गुंडाळून, म्हणजे पहिली तुटली की टोक काढून दुसरी अडकवायची, टाकी खोलायला नको की काही नको, अंधारातसुद्धा पाच मिनिटांचं काम. सोबत चेनचं एक लॉक, एक प्लग आणि प्लगचा पाना, फ्यूज, थोडी बारीक तार, एमसील, दोन-चार केबल टाय. ट्यूबचं टायर असेल तर एक ट्यूब. एवढं सगळं चपलेच्या खोक्यात मावतं.

आणि वायर तुटलीच, मदत येणार नसली, तर सपाटीला क्लचशिवाय गाडी नेता येते. न्यूट्रलला चालू करायची, पायाने ढकलत थोडी पळवायची आणि पहिला टाकायचा, मग वर जाताना ॲक्सिलेटर क्षणभर सोडून गिअर सरकवायचा. पण हे चढावर आणि गर्दीत करू नका, गाडी उसळी मारते, माणूस पडतो. कोयनाकाठ थांबला ते बरोबर केलं.

माझ्या दारात लांबून आलेली गाडी असली की मी लाईन मोडतो. गावातला माणूस उद्या येऊ शकतो, तो नाही येऊ शकत. माझं गिऱ्हाईक यावर कधी भांडलं नाही आजवर.

पाऊसवेडी

वाचताना अंगावर काटा आला. मी नाशिकची, सहा वर्षं चालवतेय, बऱ्याचदा एकटी. माझा अनुभव पण चांगला आहे, पण मला त्यात एक वेगळी गोष्ट सांगायची आहे.

कसारा उतरून शहापूरच्या बाजूला जात होते, मागचं टायर बसलं. सकाळची सातची वेळ. ट्यूबलेस होतं, किट होतं, पण खिळा असा तिरका गेलेला की माझ्याने पट्टी आत जाईना. पंधरा मिनिटं खटपट केली. एक बुलेटवाला पुढे गेला, वळून आला. आता एकटीने असताना कुणी गाडी वळवून परत येतं तेव्हा बाईच्या मनात काय काय येऊन जातं ते इथल्या बायकांना सांगायला नको. त्या माणसाने गाडी दहा-पंधरा फूट लांब लावली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, मास्क काढला, म्हणजे मला चेहरा दिसेल असं, आणि तिथूनच विचारलं, "ताई, काही लागतंय का? मी अमुक ग्रुपचा, हवं तर विचारून घ्या आधी." मी फोन करेपर्यंत तो तिथेच उभा, एक पाऊल पुढे नाही. आमच्या ग्रुपातल्या मैत्रिणीने त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारून हो म्हटल्यावर मग तो आला, पट्टी घातली, हवा भरली, आणि गेला. नंबर मागितला नाही.

मला आजही ती दहा-पंधरा फुटांची जागा सगळ्यात जास्त आठवते. थांबणं चांगलंच पण कुठे थांबायचं हेही कळायला हवं. आमच्या लेडीज ग्रुपात आता नियम आहे, लाईव्ह लोकेशन मोठ्या ग्रुपात टाकायचं नाही, दोन ठरलेल्या मैत्रिणींना द्यायचं, आणि त्या पुढे मदत शोधतात. सगळ्या ग्रुपांनी हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

कोयनाकाठ

@पाऊसवेडी ताई, मी ते लोकेशन सहाशे लोकांत टाकलं होतं आणि एकदाही मनात भीती आली नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर हा फरक माझ्या डोक्यात आलाच नसता. आमच्या ॲडमिनला हे दाखवतो.

टूस्ट्रोक

माझं वय आता सदुसष्ट, पुण्यात असतो. आमच्या काळी मोबाईल नव्हते, ग्रुप नव्हते, तरी हे सगळं होतं, म्हणून लिहितोय.

१९८६ च्या डिसेंबरात मी आणि माझा मित्र, दोघं माझ्या येझदीवर गोव्याला निघालो. येझदी म्हणजे दोन सायलेन्सरची, आणि जिची किक तीच पुढे दाबली की गिअरचा दांडा होते, म्हैसूरला बनायची. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापून घालायचं. आंबोली उतरलो, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी ओलांडली आणि म्हापशाच्या अलीकडे गाडी गचके खात बंद पडली. कार्बोरेटरमध्ये कचरा. जेट काढला, हातातून निसटला आणि तांबड्या मातीत पडला. जेट केवढा असतो ठाऊक आहे ना, पेट्रोल जायच्या बारीक भोकाचा, पितळेचा, करंगळीच्या नखाएवढा. आम्ही दोघं गुडघ्यावर बसून माती चाळतोय.

गोव्यात मोटरसायकलवर माणसं नेणारे असतात, पायलट म्हणतात त्यांना, पुढचं मडगार्ड पिवळं. असा एक पायलट भाडं घेऊन चालला होता. त्याने गाडी थांबवली. मागे बसलेल्या माणसाला काहीतरी कोकणीत म्हणाला, आणि ते दोघं, म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा, खाली उतरले. चौघं मिळून शोधत बसलो. जेट त्या गिऱ्हाईकाला सापडला! पायलटने तो तोंडाने फुंकला, उजेडाकडे धरून भोक बघितलं, ब्रेकच्या तारेतला एक बारीक धागा काढून त्यात फिरवला, आणि बसवून दिला.

त्याच वर्षी जुलैत मांडवीवरचा मोठा पूल पडला होता. पणजीत जायचं तर बेतीहून फेरीबोट, आणि तिथे रांग ही एवढी. तो म्हणाला माझ्या मागे या. गिऱ्हाईकाला म्हापशाला सोडलं आणि आमच्या पुढे पुढे बेतीपर्यंत आला, रस्ता दाखवायला, रिकाम्या गाडीने. पैसे विचारले तर म्हणाला, तुमचीही गाडी, माझीही गाडी. त्याचं नाव विचारायचं राहिलं. अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली, अजून चुटपुट आहे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जावा-येझदीवाले जमतो. नवीन मुलं येतात, आजोबांची गाडी बाहेर काढून आणतात, चालू होत नसते. मग आम्ही सगळे म्हातारे त्या एका गाडीभोवती बसतो, कार्यक्रम राहतो बाजूला. ती एकदा फटफटली की त्या मुलाचा चेहरा बघायचा.

शंभर_सीसी

सगळ्यांचे चांगले अनुभव वाचतोय. माझा तसा नाही. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझी शंभर सीसीची गाडी आहे. घरात एकच गाडी, तीच आठवडाभर कामाला आणि तीच रविवारी. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्रुपाच्या राईडला पैसे भरून गेलो, पुणे ते महाबळेश्वर. फॉर्मवर गाडीचं नाव लिहिलं होतं, कुणी काही बोललं नाही. हायवेला लागल्यावर सगळे शंभरच्या वर. माझी पंचाहत्तरच्या पुढे थरथरते. खंबाटकीच्या अलीकडेच एकही दिवा दिसेना. मला वाटलं पुढे कुठेतरी थांबले असतील. नव्हते. सुरूरला नव्हते. वाईला नव्हते. पसरणी घाट एकट्याने चढलो. पाचगणीच्या पुढे ज्या हॉटेलात नाश्ता ठरला होता तिथे पोचलो तर लोक हात धुवून बिल देत होते. एकाने विचारलं, "अरे, तू पण होतास का?"

त्या संध्याकाळी ग्रुप फोटो आला, त्यात मी नाही. फोटो मी पोचायच्या आधी काढून झालेला. मी कुणाशी भांडलो नाही, ग्रुप सोडला. त्यानंतर एकटाच जातो. तुम्ही लिहिता तसे लोक असतील, नाही असं नाही, पण मला भेटले नाहीत.

शेवटची_गाडी

@शंभर_सीसी, दादा, तुझं वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी अकरा वर्षं स्वीप आहे, म्हणजे राईडमध्ये सगळ्यात शेवटी चालणारा, आणि तुझ्या राईडला स्वीप नव्हता किंवा असून नसल्यासारखा होता. जे झालं ते चुकीचं झालं, आणि तुझ्या गाडीचा त्यात काहीएक दोष नाही.

आमच्याकडे कसं करतात ते सांगतो, नवीन मुलंही वाचतील. सगळ्यात नवीन रायडर आणि सगळ्यात छोटी गाडी लीडरच्या लगेच मागे. शेवटी नाही. कारण रांग लांब झाली की मागच्याला अंतर भरून काढायला पुढच्यापेक्षा जास्त पळावं लागतं, मग जो कमी अनुभवाचा तोच सगळ्यात जास्त पळतो आणि तोच पडतो. छोटी गाडी दुसरी ठेवली की लीडरला आरशात ती सतत दिसते आणि सगळ्या रांगेचा वेग आपोआप तिचा होतो. फाटा आला की लीडरच्या मागचा एक जण तिथे थांबतो, सगळे वळेपर्यंत, स्वीप दिसला की मगच हलतो. म्हणजे कुणी कितीही मागे पडला तरी प्रत्येक फाट्यावर त्याला आपलं माणूस उभं दिसतं. पेट्रोलचा थांबा सगळ्यात छोट्या टाकीच्या हिशोबाने. खड्डा आला तर त्या बाजूचा पाय बाहेर काढून दाखवायचा, एका रांगेत यायचं असेल तर एक बोट वर, हे निघायच्या आधी चहा पितानाच सगळ्यांना करून दाखवायचं.

आणि स्वीपच्या मागे कुणी नसतं. पंक्चर, उलटी, घाबरलेला पिलियन म्हणजे मागे बसलेला, चेन पडलेली गाडी, सगळं त्याच्या वाट्याला येतं. पुढच्यांनी सूर्योदय बघितला, मी बघितला नाही, असं अकरा वर्षांत कितीतरी वेळा झालं. पण मागे राहिलेल्या माणसाला मी आरशात दिसल्यावर त्याचे खांदे खाली येतात ना, सैल पडतात, ते मला मागून स्पष्ट दिसतं. त्यासाठी मी मागे चालतो.

रात्रपाळी

मी सरकारी दवाखान्यात अपघात विभागात काम करतो आणि गाडीही चालवतो, त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसतात. बिघाडासाठी थांबणारे खूप, अपघाताला थांबायला लोक अजून बिचकतात, पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून. कृपा करून ही भीती मनातून काढा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूने मदत केली तर त्या माणसावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. जखमीला पोचवून तुम्ही निघून जाऊ शकता.

थांबलात तर आधी १०८ ला फोन, ठिकाण नीट सांगा, किलोमीटरचा दगड बघा, गावाचं नाव, कुठल्या बाजूची लेन. तुमच्यातल्या एकाने मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायचा, पाटणच्या दादांनी स्प्लेंडर जशी लावली तसंच. हे सगळ्यात आधी, कारण मदतीला वाकलेल्या माणसालाच दुसरी गाडी उडवते, मी तसे पेशंट बघितलेत. पडलेल्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असेल तर ओढल्याने कायमचा अधू होऊ शकतो. पट्टा सैल करा, व्हायझर उघडा, श्वास चालू आहे ना बघत राहा. श्वासच अडत असेल तर आणि तरच काढायचं, दोघांनी, एकाने मान आणि जबडा धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने हळू सरकवायचं. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, बघायला सारखं उचलू नका.

आणि बोलत राहा त्याच्याशी. एक मुलगा आमच्याकडे आला होता, पाय मोडलेला, नंतर बरा होऊन गेला. त्याला अपघाताचं काही आठवत नव्हतं, एवढंच आठवत होतं की कुणीतरी बाई पूर्ण वेळ त्याचा हात धरून बसली होती आणि त्याच्या गाडीचं ॲव्हरेज किती पडतं ते विचारत होती.

सह्यवारा

मी २०१९ ला मनाली-लेह केलं, एकटा, भाड्याची गाडी. टांडीला पंपावर तेव्हा बोर्ड होता, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, तिथे सगळे फोटो काढायचे, मीही काढला. त्याच पंपावर केरळचा एक जण भेटला, कॅनमध्ये पेट्रोल भरत होता. त्याला हिंदी चार शब्द, मला मल्याळम शून्य, दोघांचं इंग्रजी कामापुरतं. बारालाचा खिंड ओलांडून सरचूला पोचलो, एकाच तंबूत जागा मिळाली.

रात्री माझं डोकं फुटायला लागलं, उलट्या, श्वास घेताना छातीत घरघर. सरचूची अडचण अशी की तिथून पुढे गेलं तरी खिंड चढायची आणि मागे फिरलं तरी बारालाचा चढूनच उतरायचं. सकाळ होईपर्यंत तो माणूस बसून होता. माझ्या बॅगेतले सगळे कपडे त्याने माझ्या पाठीमागे लावून मला टेकवून ठेवलं, आडवं होऊ दिलं नाही. पहाटे तंबूवाल्याच्या ओळखीने खाली जाणाऱ्या जीपमध्ये मला बसवलं. मला वाटलं आता हा लेहला जाईल. त्याची सुट्टी दहा दिवसांची, त्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते. तो जीपच्या मागे मागे केलाँगपर्यंत आला. सरकारी दवाखान्यात दोन दिवस माझ्या खाटेशी. मी तिसऱ्या दिवशी उठून बसलो तेव्हा त्याच्या सुट्टीत लेह बसत नव्हतं.

तो परत गेला नाही अजून लेहला. दरवर्षी दिवाळीला त्याच्याकडून केळ्याचे वेफर्स येतात, मी इथून चिवडा पाठवतो.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही साताऱ्याहून आठ गाड्या घेऊन गेलो होतो, औषधं आणि कोरडं खाणं पाठीवर बांधून. गल्लीत चिखल एवढा की चारचाकी आत जात नव्हती, मोटरसायकल कशीबशी जायची. निघायच्या आधीच त्याचा केरळहून फोन, त्यांच्याकडे २०१८ ला पूर आला होता तर त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणाला क्लोरीनच्या गोळ्या, झाडू आणि सॅनिटरी पॅड न्या, बिस्किटं सगळेच नेतात. खरं निघालं ते.

कोयनाकाठ

@सह्यवारा, २०२१ ला मी चिपळूणलाच होतो, बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर, खाली नऊ-दहा फूट पाणी. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून आलेल्या कुणीतरी आमच्या जिन्यात झाडू आणि पॅडचं पाकीट ठेवलं होतं. माझी बायको आजपर्यंत म्हणते की ज्याला हे सुचलं तो कुणाचा तरी चांगला भाऊ असणार. तुम्हीच होता असं मी म्हणत नाही, बऱ्याच जणांनी आणलं होतं. पण तुमच्या त्या मित्राला हे सांगा. नक्की सांगा.

@शंभर_सीसी, येत्या रविवारी आम्ही नऊ-दहा जण कराडहून कुंभार्लीला जातोय, ज्या कठड्यापाशी मी उभा होतो तिथपर्यंत. पाटणचा दादा येतोय. शेवटची_गाडीही पुण्याहून येतोय, त्याला मी काल फोन केला. तू ये. पैसे वगैरे काही नाही. सकाळी सहाला पाटणच्या एसटी स्टँडसमोर.

शंभर_सीसी

बघतो दादा.

दहाचा_पाना

बघतो काय, ये! येताना चेन कशी आहे बघून ये, ढिली असली तर माझ्याकडे पाने आहेत, मी पण येतोय.

शंभर_सीसी

काल जाऊन आलो.

पाटणला सहाला पोचलो तर चेन खरंच ढिली होती, पाना काकांनी स्टँडसमोरच घट्ट करून दिली, मागचं चाक हाताने फिरवून दोन ठिकाणी ताण बघितला. मला लीडरच्या मागे दुसरा ठेवला. साठ-पासष्टने चाललो सगळे. कोयनानगरच्या पुढे धुकं दाट झालं, माझा दिवा तसा मंद आहे, मी खूप हळू झालो आणि पुढची गाडी दिसेनाशी झाली. पोटात परत तसंच झालं, खंबाटकीसारखं. मी मुद्दाम बाजूला होऊन मागच्यांना पुढे जाऊ दिलं, कुणाला माझ्यामुळे उशीर नको म्हणून. ते गेले. आरशात एकच दिवा उरला, तो काही पुढे जाईना. मी अजून हळू, तो अजून हळू. हेळवाकच्या फाट्यावर धुक्यात एक माणूस गाडीवर बसून हात वर करून उभा होता, मी दिसल्यावर त्याने डावीउजवीकडे काही न बघता सरळ जायची खूण केली.

पुढे घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. मी पोचेपर्यंत बाकीच्यांना वीस मिनिटं तरी झाली असणार. सगळे उभे होते. हेल्मेट काढलेली, हात खिशात, थंडीने कुडकुडत. मला वाटलं चहा पिऊन झाला, आता निघणार.

पाटणच्या दादांनी माझ्या मागे आलेली शेवटची गाडी बघितली, बोटाने मोजलं आणि टपरीवालीकडे वळून म्हणाले, "हां मावशी, आता टाका. अकरा."